हवेचा नाद

माझा धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहतो. गेल्या उन्हाळ्यात मी सहा आठवडे त्याच्याकडे होते, आणि त्यातल्या बऱ्याचशा संध्याकाळी त्याच्या गॅरेजमध्ये पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून गेल्या. त्याने नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती : २०१५ सालची निळी सुबारू बीआरझेड. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी; मागे सीट आहे असं फक्त कागदोपत्री म्हणायचं. वयाच्या ४३व्या वर्षी त्याने निव्वळ स्वतःसाठी घेतलेली ही पहिली वस्तू, असं त्याची बायको म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, कौतुकही नव्हतं.

त्याला या गाडीचा एअर इनटेक बदलायचा होता. म्हणजे कंपनीने दिलेला काढून बाजारात मिळणारा दुसरा बसवायचा. त्याने तीन पर्याय निवडून एक तक्ता केला होता. रकाने पाच : किंमत, ताकद, हवेचं तापमान, धूळ, कायदा. तक्त्याबरोबर तिन्ही वस्तूंची माहितीपत्रकं छापून त्याने माझ्या हातात ठेवली. “ताई, तू शब्दांची माणूस. यात खरं कोण बोलतंय तेवढं सांग.”

मला गाडी चालवता येत नाही. मी जादवपूरला तुलनात्मक साहित्यात एम.ए. केलं, वीस वर्षं बंगळूरला राहते, कन्नडमधून मराठीत कादंबऱ्या आणते, आणि पोटासाठी इंग्रजीतून मराठीत वॉशिंग मशीन, विमा, टूथपेस्ट असं जे येईल ते करते. तेव्हा माहितीपत्रकं वाचणं हा माझा धंदाच. पण शब्द तपासायचे तर आधी वस्तू कळली पाहिजे, म्हणून मी त्याला बॉनेट उघडायला लावलं.

इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो. वजनाने मोजलं तर ते मुख्यतः हवेवर चालतं. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. या गाडीचं इंजिन १९९८ सीसीचं आहे, आणि दर दोन फेऱ्यांत ते एकदा पोटभर हवा घेतं. त्याची पूर्ण ताकद, २०० हॉर्सपॉवर, मिनिटाला ७००० फेऱ्यांना मिळते. हिशेब केला तर त्या वेळी ते मिनिटाला जवळजवळ सात हजार लिटर हवा ओढत असतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहासात लिटर घेतो. म्हणजे हजारेक माणसांचा श्वास मनगटापेक्षा थोड्या जाड अशा एका नळीतून जातो. ती नळी, तिच्या तोंडाशी असलेली काळ्या प्लॅस्टिकची पेटी, पेटीतला घड्याघड्यांचा कागदी फिल्टर आणि वाटेत आवाज गिळण्यासाठी ठेवलेले पोकळ कप्पे, हे सगळं मिळून इनटेक.

पहिला पर्याय साधा : पेटी तीच ठेवायची, कागदाच्या जागी तेल लावलेला सुती फिल्टर घालायचा. साठेक डॉलरचं काम. दुसऱ्यात पेटीच काढून टाकायची आणि आखूड धातूच्या नळीच्या टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर लावायचा. हा दिसायला रुबाबदार, पण तो इंजिनच्याच शेजारी बसून इंजिनने तापवलेली हवा ओढतो. २५ अंशांऐवजी ३५ अंशांची हवा आत गेली तर ती सुमारे तीन टक्के विरळ असते. मग मोठ्या नळीने काय मिळवलं? तिसऱ्यात नळी वेगळ्या घडणीची, फिल्टर बंद पेटीत, आणि हवा पुढच्या जाळीतून थंड येते. हा सगळ्यात महाग.

नळी बदलताना आणखी एक भानगड असते. नळीत एक तापवलेला बारीक घटक बसवलेला असतो. जाणारी हवा त्याला किती गार करते, यावरून गाडीचा कंप्युटर हवेचं वजन ठरवतो आणि तेवढं पेट्रोल सोडतो. नळीचा व्यास वाढला की तेवढीच हवा तिथून संथ जाते, कंप्युटरला ती कमी भासते, आणि पेट्रोल कमी पडतं. फिल्टरला तेल जास्त लावलं आणि ते त्या घटकावर जाऊन बसलं तरी वाचन बिघडतं. शिवाय फिल्टर जितका मोकळा तितकी हवा जास्त, पण धूळही आत जाण्याची भीती जास्त. सगळं एकदम कुणालाच मिळत नाही. भाऊ हे सांगताना मला एकदम अनुवादाच्या कार्यशाळेत बसल्यासारखं वाटलं, पण ते मी त्याला बोलले नाही.

आता शब्द. एका पत्रकात लिहिलं होतं की ताकद बारा हॉर्सपॉवरपर्यंत वाढते. दुसऱ्यात, मायलेज सुधारू शकतं. तिसऱ्यात, गाडीचा प्रतिसाद जाणवण्याइतका तरतरीत होतो. यातलं एकही वाक्य खोटं नाही. शून्य हाही बारापर्यंतच येतो. जे सुधारू शकतं ते न सुधारूही शकतं. आणि तीनशे-चारशे डॉलर खर्च केल्यावर प्रतिसाद कुणाला जाणवणार नाही?

‘पर्यंत’ या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. इंग्रजीत तो आकड्याच्या आधी येतो. वाचणारा आधीच सावध होतो, मग आकडा ऐकतो. मराठीत तो मागून येतो. ‘५० टक्के’ हे आधी कानात शिरतं, आणि माघार नंतर. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने मला सांगितलं, की हा ‘पर्यंत’ आकड्याला चिकटवू नका, खालच्या ओळीत घ्या, तिथे आम्ही तो बारीक छापू. मी तो खालच्या ओळीत घेतला. व्याकरणाच्या दृष्टीने ते चूक होतं, पण माझं मन व्याकरणापाशी अडलं नव्हतं आणि नीतीपाशीही नाही. बिल महिनाअखेर मिळणार होतं. अश्वत्थामा मेल्याचं द्रोणांना सांगताना धर्मराजानेही ‘हत्ती’ हा शब्द मागूनच उच्चारला होता, हळू आवाजात. गोष्टीत त्याचा रथ, जो तोवर जमिनीच्या चार अंगुळं वरून चालायचा, त्या क्षणी खाली टेकतो. लहानपणी मला ही शिक्षा फारच किरकोळ वाटायची. बाकी सगळ्यांचे रथ जमिनीवरूनच तर चालत होते.

असो. दोन दिवस वाचून मी निकाल दिला : तिन्ही नको. या गाडीत कंपनीने दिलेली नळीच मुळी पुढच्या जाळीमागून थंड हवा घेते. कंप्युटरची जुळणी न बदलता नुसता इनटेक बदलून वाढली तर दोनपाच हॉर्सपॉवर वाढेल, आणि तेवढा फरक थंड सकाळ आणि उन्हाची दुपार यांतही पडतो. या गाडीबद्दलची जी जगजाहीर तक्रार आहे, की साधारण तीन हजार फेऱ्यांच्या पुढे मधेच तिचा जोर ओसरतो, तीही इनटेकने जात नाही. उरला कायदा. कॅलिफोर्नियात असा सुटा भाग रस्त्यावरच्या गाडीला लावायचा तर त्याला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाची सूट असावी लागते, आणि सुटीच्या आदेशाचा क्रमांक बॉनेटखाली चिकटवलेला असावा लागतो. नसेल तर दर दोन वर्षांनी होणाऱ्या धुराच्या तपासणीत नुसत्या नजरेनेच गाडी नापास. दुसऱ्या पर्यायाला तो क्रमांक नव्हता. आपल्याकडे तर कलम ५२ आहेच. मूळ आराखड्यापासून गाडी बदलू नका, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९च्या जानेवारीत बजावलं. मी हे सगळं मुद्देसूद सांगितलं. सांगताना मला बरं वाटत होतं, हेही कबूल करते.

तो नुसतं “हं” म्हणाला आणि बॉनेट लावून टाकलं.

रात्री मला झोप येईना म्हणून तो तक्ता पुन्हा घेऊन बसले, आणि तेव्हा जे दिसायला हवं होतं ते दिसलं. अनुवाद तपासताना आधी गाळलेलं वाक्य शोधायचं असतं. पाच रकान्यांत आवाजाचा रकाना नव्हता.

शनिवारी त्याचा एक मित्र आला. त्याचीही हीच गाडी, दुसऱ्या पर्यायाचा उघडा शंकू लावलेली. आम्ही नाइल्सवरून खाडीकडे पाठ करून डोंगराच्या घळीत शिरलो. नाइल्स म्हणजे चॅप्लिनने १९१५ मध्ये जिथे काही मूकपट केले ते गाव, आता फ्रीमाँटचाच भाग. आवाज ऐकायला निघालो आणि मूकपटांच्या गावातून गेलो, यावर मी काहीतरी विनोद केला. पुढच्या सीटवरच्या भावाने तो ऐकला नाही. (मागच्या सीटबद्दल जे वर लिहिलं आहे ते मी तिथे आडवी बसून अनुभवलं.) घळीतला रस्ता नागमोडी, एका बाजूला ओढा आणि रेल्वेचे रूळ. मित्राने गिअर एक खाली घेतला आणि पाय दाबला. चार हजारांपर्यंत नुसती घरघर होती. मग तो आवाज उघडला. सायलेन्सरचा आवाज मागून येतो, जळून गेलेल्याचा असतो. हा पुढून आला, आत घेण्याचा : पोकळ, खर्जातला, ओढ लागल्यासारखा, आणि फेऱ्या वाढतील तसा वर चढत जाणारा. मला आरशात भावाचा अर्धा चेहरा दिसत होता. हा चेहरा मी पूर्वी पाहिला होता, पण त्याचा नव्हे.

आमचे वडील सांगलीला कारकून होते. त्यांना येझदी हवी होती, मैसूरला बनणारी, दोन सायलेन्सरची. रस्त्याने येझदी गेली की ते जेवता जेवता हात थांबवायचे आणि ती वळणापलीकडे जाईपर्यंत घास तसाच असायचा. घेतली त्यांनी स्कूटर, कारण स्कूटरवर पुढे गॅसचा सिलिंडर ठेवता येतो. आमच्या घरात प्रत्येक वस्तूला असं कारण असायचं. रेडिओ बातम्यांसाठी होता, जरी त्यावर मुख्यतः नाट्यसंगीत वाजायचं. पेटी आणली ती माझ्या परीक्षांसाठी. गणपतीतली आरास मुलांना वळण लागावं म्हणून. निव्वळ हवं म्हणून काही आणलं, असं वाक्य त्या घरात मी कधी ऐकलं नाही.

मराठीत आवाजालाही नाद म्हणतात आणि वेडालाही. ‘गाडीचा नाद आहे’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येतं, आणि आई ‘नाद सोड’ म्हणायची तेव्हा ती आवाजाबद्दल बोलत नसायची. मी ज्या भाषांमध्ये वावरते त्यांत हे जमत नाही. कन्नडमध्ये नाद म्हणजे नुसता ध्वनी. वेडाला हुच्चु म्हणतात, सरळ वेडच. हिंदीत शौक, बंगालीत शख, आणि हाताबाहेर गेलं की नेशा. आणखी एक शब्द आपल्याकडे आहे, हौस. तो आला ‘हवस’वरून. हिंदीत ती हवस वासनाच राहिली, मराठीत मात्र तिने नऊवारी नेसली आणि डोहाळजेवणाला जाऊन बसली. पण हौसेलाही आपण एकटीला सोडत नाही. बायकोची हौस, नातवंडांची हौस, सणाची हौस. कुणाच्या तरी नावाने ती पुरवावी लागते. स्वतःची, एकट्याची, कुणाच्याही उपयोगाची नसलेली असेल तर ती हौस राहत नाही, नाद होते.

परतल्यावर गॅरेजमध्ये मी त्याला विचारलं, “तुला आवाजच हवाय ना? मग तक्त्यात तो रकाना का नाही?”

तो पाना पुसत होता. म्हणाला, “रकाना घातला असता तर तू म्हणाली असतीस, आवाजासाठी चारशे डॉलर?”

“म्हटलं असतं.”

“तुझ्या पुस्तकाच्या तक्त्यात कोणते रकाने होते, ताई?”

हे त्याने चिडून विचारलं नाही. चिडला असता तर उत्तर देणं सोपं होतं.

पुस्तक म्हणजे मी चार वर्षं केलेली एक कन्नड कादंबरी. पाचशे प्रती छापल्या, त्यातले काही गठ्ठे अजून प्रकाशकाकडे आहेत. अनुदानाच्या अर्जात मी लिहिलं होतं की हा अनुवाद दोन भाषाभगिनींमधला पूल ठरू शकतो. ‘शकतो’ हे मीच लिहिलं होतं. त्या चार वर्षांतली शेवटची दोन आई सांगलीत अंथरुणावर होती, खुब्याचं हाड मोडून. दिवसरात्रीच्या बाईंचे पैसे हा पाठवत होता. मी महिन्यातून एकदा रात्रीच्या बसने जायचे आणि तिच्या पलंगाशेजारी बसून मुद्रितं तपासायचे. तो फोनवर म्हणायचा, थोडे दिवस राहता येईल का? मी म्हणायचे, काम आहे. ‘काम’ म्हटलं की समोरच्याला पुढे विचारता येत नाही. त्याने विचारलं नाही.

ते काम होतं का? मला त्या कादंबरीच्या पहिल्या पानापासून तिचा आवाज मराठीत ऐकायचा होता. धारवाडकडची ती बोली, तिची वाक्य अर्ध्यात टाकून द्यायची पद्धत, ती आपल्या भाषेच्या नळीतून कशी येईल एवढंच मला हवं होतं. वाचक, पूल, भगिनी हे सगळं नंतर आलं, अर्ज भरताना.

आपण हौसेला उपयोगाचं नाव देतो यात लबाडी आहे, पण मला वाटतं ती फार मोठी नाही. घरोघर चालते, आणि पुष्कळदा प्रेमानेच चालते. खरी गोम पुढे आहे. उपयोगासाठी काही केलं की त्याचा त्रास इतरांनी सोसायचा असतो, असा आपल्यात एक न बोललेला करार आहे. रस्ता खणतायत, सोसा. ताईचं काम चाललंय, आवाज करू नका. मी त्या चार वर्षांना नाद म्हटलं असतं, तर त्याच क्षणी पुढचा प्रश्न समोर आला असता, की माझ्या नादाचे पैसे कोण देतंय? काम म्हटल्यामुळे तो प्रश्न मला पडलाच नाही. भावाला तो पडत होता, दर महिन्याला, बँकेत.

उलट बाजूही आहे, आणि ती मला आजही टोचते. मी नाद म्हटलं असतं तर कदाचित पुस्तक झालंच नसतं. ज्या घरात कारणाशिवाय वस्तू येत नव्हती तिथे नादाला कुणी चार वर्षं दिली नसती, मी स्वतःही दिली नसती. वडिलांना येझदी मिळाली नाही ती ते खोटं बोलले नाहीत म्हणून. सिलिंडर पुढे ठेवता येत नाही हे त्यांनी मान्य केलं आणि विषय संपला. खरेपणाची ही किंमत रास्त होती का? आई म्हणेल, होती. मला खात्रीने सांगता येत नाही.

या सगळ्यात त्या गाडीच्याच एका भागाने मला विचारात पाडलं. तो कंपनीनेच बसवलेला आहे. इनटेकच्या नळीला एक बारीक फाटा काढलाय आणि तो इंजिन आणि चालक यांच्या मधल्या पत्र्याकडे नेलाय. त्यातून हवा इंजिनला जात नाही. आत एक पडदा आहे, तो हवेच्या ठोक्यांनी कापतो आणि इंजिनचा श्वास बसणाऱ्याच्या कानापर्यंत पोचवतो. एवढंच त्याचं काम. म्हणजे एकीकडे पोकळ कप्पे ठेवून बाहेरच्यांसाठी आवाज गिळायचा, आणि दुसरीकडे एक नळी टाकून ज्याची हौस त्यालाच तो ऐकवायचा. २०२२च्या नव्या पिढीत हा फाटा गेला, तिथे स्पीकरमधून आवाज येतो, आणि माझ्या भावाच्या मते तो अनुवाद नव्हे, डबिंग. मला त्या जुन्या नळीत काहीतरी सभ्य वाटलं. तिच्यावर कुठेही ताकद वाढते असं लिहिलेलं नाही.

त्याने तक्त्यात सहावा रकाना घातला : आवाज. मग माझ्याकडे बघून सातवा : कुणाला. शेजारी एक म्हातारं जोडपं राहतं; भाऊ सकाळी साडेसहाला कामावर निघतो. उघड्या शंकूचा आवाज त्याला सगळ्यात आवडला होता, मित्राच्या गाडीत त्याचा चेहरा मी पाहिला होता. पण त्याला क्रमांक नव्हता, आणि सातव्या रकान्यात त्याने पेन्सिलीने जे लिहिलं ते खोडलं नाही. तिसरा मागवला, बंद पेटीचा, क्रमांक असलेला. शिवाय त्याला तो कंपनीचा फाटा पुन्हा जोडता येत होता.

बसवायला दोन तास लागले. मी बादलीवर बसून पाने देत होते. तो तापणारा घटक जुन्या नळीतून काढून नव्यात घालताना त्याने श्वास रोखला होता. जुनी पेटी, कागदी फिल्टरसकट, त्याने एका चादरीत गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. गाडी सुरू केली. मला काहीच फरक ऐकू आला नाही. तो म्हणाला, “थांब, गार इंजिनवर नाही कळत,” आणि एकटाच निघून गेला.

मी हात धुवायला आत आले. त्याची बायको चहा गाळत होती. खिडकीतून गाडी कोपऱ्यावर वळताना दिसली.

“मायलेज वाढणार आहे म्हणे,” ती म्हणाली. “म्हणून एवढा खर्च केला. खरंच वाढतं का हो, ताई?”

मी कप हातात घेतला.

“वाढू शकतं,” मी म्हटलं.